मीठ चवीपुरतं

पुस्तकांच्या दुकानात बत्तीस वर्षं काढली असं सांगितलं की लोक आदरानं बघतात. त्यातली बहुतेक वर्षं स्वयंपाकाच्या पुस्तकांच्या कपाटापाशी गेली असं पुढं सांगितलं की तो आदर लगेच उतरतो. "म्हणजे रेसिपीची पुस्तकं?" असं म्हणून ते दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला लागतात. माझी त्याला हरकत नाही. कवितांचं पुस्तक चुकीचं निघालं तर माणूस जांभई देऊन झोपतो. स्वयंपाकाचं चुकीचं निघालं तर तो ते जेवतो. हे मला फार उशिरा कळलं, आणि ज्यांच्यामुळे कळलं त्यांच्याविषयी लिहायला आज बसले आहे.

आमचं दुकान यशवंतपूरला, स्टेशनाकडून घाऊक बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. खाली नवी पुस्तकं, वर माळ्यावर जुनी. कन्नड आणि इंग्रजी पुष्कळ, मराठीचे दोन खण. आमचं घराणं बंगळुरात इतक्या पिढ्या आहे की मराठी आम्ही देवापुढं आणि भांडणात तेवढी बोलतो, तरी मालकांनी ते दोन खण माझ्या गळ्यात घातले आणि त्यांच्यासोबत पाकशास्त्राचं कपाटही घातलं. बाई आहे म्हणजे तिला त्यातलं कळणारच, असा त्यांचा हिशेब. गिऱ्हाइकं मला अक्का म्हणायची. माझं खरं नाव दुकानात फक्त मालकांना ठाऊक होतं, आणि तेही पुष्कळदा विसरायचे.

सणाला पुस्तक निवडून देणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही. माणूस येतो आणि "दिवाळीच्या फराळाचं चांगलं पुस्तक द्या" म्हणतो. चांगलं कुणासाठी? ज्या घरात चार बाया हाताशी आहेत तिथं वेगळं पुस्तक लागतं आणि व्हाइटफील्डच्या बाराव्या मजल्यावर एकटीच चकली पाडणारीला वेगळं. पहिलीला नुसतं प्रमाण पुरतं. दुसरीला 'तेल पुरेसं तापलं हे कसं ओळखावं' इथपासून सगळं लागतं. त्यात पुन्हा कुणाला साखर चालत नाही, कुणाला गहू सोसत नाही, कुणाच्या घरी कांदालसूण येत नाही. म्हणून मी काय करायचंय हे विचारतच नसे. जेवणार कोण, हे विचारी.

तरी फजिती व्हायचीच. पुण्याची एक मुलगी मल्लेश्वरमच्या कन्नड घरात सून होऊन आली. सासूबाईंचा शनिवारचा उपास असतो, म्हणून उपासाच्या पदार्थांचं पुस्तक घेऊन गेली. तिनं साबुदाण्याची खिचडी केली. सासूबाईंनी आपल्या रीतीप्रमाणे रव्याचं उप्पीट केलं. पानं मांडून दोघी समोरासमोर बसल्या, आणि दोघींच्याही मते दुसरीनं उपास मोडला होता! सोमवारी ती पुस्तक परत करायला आली तेव्हा मला हसू आवरेना. मी तिला कन्नड पुस्तक दिलं आणि सांगितलं, आता दोन्ही कर, दोघींना दोन उपास.

जुन्या पुस्तकांची परीक्षा निराळी. स्वयंपाकाचं जुनं पुस्तक स्वच्छ असेल तर मी ते बाजूला ठेवी. ते आहेरात आलेलं आणि कपाटातच म्हातारं झालेलं. डाग पाहिजेत. हळदीचं बोट, तुपाचा पारदर्शक ठिपका, पानांत अडकलेली मोहरी. आणि एक शेवटची परीक्षा: पुस्तक पाठीवर उभं धरायचं आणि दोन्ही हात सोडून द्यायचे. ते जिथं आपोआप उघडतं ते त्या घराचं पान. मालकांचं म्हणणं, बायंडिंग तिथं ढिलं झालेलं असतं. तेही खरंच.

आणखी एक नियम मी आईकडून घेतला होता. कुणाला आजाराचं नाव विचारायचं नाही. आई म्हणायची, दुखण्याचं नाव घेतलं की ते पाट मांडून बसतं. आमच्या घरी 'साखर वाढली' म्हणत, मधुमेह म्हणत नसत. 'छातीत भरून आलं' म्हणत. दुकानात उभं राहून परक्या माणसाला 'झालंय काय?' असं विचारणं मला असभ्य वाटे. पथ्य विचारावं, दुखणं विचारू नये. हा नियम मी मोठ्या अभिमानानं पाळला.

साळुंखेअण्णा आले ते गुढीपाडव्याच्या आठवडाभर आधी. साठीच्या पुढचे, करड्या शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी आणि तासलेली पेन्सिल. मूळचे साताऱ्याकडचे, पण चाळीस वर्षं पीण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीत लेथ चालवलेला, त्यामुळे बोलणं आमच्यासारखंच अर्धं कन्नड होऊन गेलेलं.

"अक्का, एक स्वयंपाकाचं पुस्तक पाहिजे. करणारा मी, जेवणार घरातले."

घरातले म्हणजे बायको. त्या पिढीचे पुरुष बायकोचं नाव दुकानात घेत नाहीत.

"कधी केलाय स्वयंपाक?" मी विचारलं.

"नाही ओ. पण माप सांगा, बरोब्बर काढून देतो. तेच केलं जन्मभर."

"पथ्य काय आहे?"

"मीठ बंद केलंय. म्हणजे पुरं बंद नाही, स्वल्प चालतं. पाणीसुद्धा मोजून द्या म्हणालेत. पण पाडव्याला पुरणपोळी आणि कटाची आमटी पाहिजेच म्हणतात. इतकी वर्षं त्यांनी करून घातली. आता उभं राहवत नाही, तर मी नाही कसं म्हणू?"

मी दुखण्याचं नाव विचारलं नाही. माझ्या आईला रक्तदाब होता, तिचंही मीठ बंद होतं, म्हणून मी मनातल्या मनात रक्तदाब धरला. पाणी मोजून द्यायचं हे मी ऐकलं आणि ते कानावरून गेलं. कमी मिठातल्या सणाच्या स्वयंपाकाचं एक बारीकसं, हिरव्या रंगाचं मराठी पुस्तक माझ्याकडे होतं. नाव सांगत नाही, कारण दोष पुस्तकाचा नव्हता. रक्तदाबाच्या माणसाला ते फार चांगलं. मिठाची उणीव टोमॅटोच्या आंबटपणानं, शहाळ्याच्या पाण्यानं आणि बाजारात मिळणाऱ्या कमी सोडियमच्या मिठानं भरून काढायची, अशी त्याची सगळी युक्ती.

अण्णांनी तिथंच उभ्यानं पान चौसष्ट काढलं. कटाची आमटी. पट्टी ओळीखाली धरून वाचलं आणि थांबले.

"'मीठ बेताचं, चवीपुरतं.' हे काय माप झालं, अक्का? ड्रॉइंगवर असं लिहिलं तर माल रिजेक्ट होतो."

"चवीपुरतं म्हणजे जेवणाऱ्याला बरं वाटेल इतकं."

"जेवणाऱ्याला विचारून?"

"विचारूनच."

"सरी," म्हणजे बरं, असं म्हणाले आणि समासात बारीक अक्षरात लिहूनही घेतलं, 'विचारून'. मी पुस्तकाला खाकी कव्हर घातलं. मी स्वतः निवडून दिलेल्या पुस्तकाच्या मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं एक लहान तुळशीचं पान काढायची मला सवय होती, ते काढलं. दारातून ते मागं वळले.

"पीण्या सेकंड स्टेजला पाण्याच्या टाकीमागं साळुंखेंचा लेथ म्हणून विचारा, कुणीही दाखवील. वरच राहतो आम्ही. पुस्तकात काही चुकलं तर येऊन सांगतो हां."

"अवश्य सांगा," मी म्हटलं. दिवसभर मी खूश होते. असं नेमकं पुस्तक रोज हाती लागत नाही.

मग गणपती आले. त्या दिवसांत अनघा नावाची एक मुलगी दुकानात यायची. नागपूरची, व्हाइटफील्डला राहणारी, एका इस्पितळात आहारतज्ज्ञ. माझ्या कपाटावर टीका करणं हा तिचा आवडता उद्योग. त्या दिवशी तिनं त्याच हिरव्या पुस्तकाची दुसरी प्रत चाळली आणि तोंड वाकडं केलं.

"अक्का, हे बुक किडनीच्या पेशंटला देत नाही ना तुम्ही? टोमॅटो काय, कोकोनट वॉटर काय! आणि हे लो सोडियम सॉल्ट म्हणजे पोटॅशियमच असतं. किडनी वीक असेल तर डायरेक्ट हार्टवर जातं ते."

"रक्तदाबाला देते."

"मग ठीक. आमचे किडनीवाले लगेच ओळखू येतात. पाणीसुद्धा मोजून पितात बिचारे."

मी स्टुलावर बसले. पाणीसुद्धा मोजून द्या म्हणालेत. पट्टीवाले अण्णा दारात उभे राहून पुन्हा ते वाक्य बोलत आहेत असं मला दिसलं. पाडव्यापासून पाच महिने उलटले होते. चुकलं तर सांगायला येतो म्हणालेला माणूस आलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मेट्रोनं पीण्याला गेले. त्या दिवशी महाराष्ट्रातल्या रीतीनं गौरी जेवायचा दिवस होता. आमच्याकडे पिढ्यानपिढ्या कन्नड रीतीनं गौरी गणपतीच्या आदल्या दिवशी बसते, त्यामुळे मी मोकळी होते. पीण्या मात्र मोकळं नव्हतं. कारखाने जोरात चालू, गल्लीगल्लीत लोखंड कापल्याचा आवाज आणि कूलंटचा वास. टाकीमागची शेड सापडली, पण शटर बंद आणि बाहेर कुलूप. शेजारी मुलामा देण्याचा कारखाना होता. त्याचा मालक चंद्रप्पा हात पुसत बाहेर आला.

मी साळुंख्यांविषयी विचारलं तसा तो कन्नडात म्हणाला, "अण्णांच्या बायको गेल्या अक्का. नागपंचमीच्या आदल्या दिवशी. नंतर मुलगी येऊन त्यांना हुबळीला घेऊन गेली."

"कशानं गेल्या?"

"कशानं म्हणजे? बऱ्या नव्हत्याच. एक दिवस सकाळी छातीचं बंद पडलं."

डायरेक्ट हार्टवर जातं, असं अनघा म्हणाली होती. चंद्रप्पा आत गेला आणि तेवढ्यात करंट गेला. सगळ्या गल्लीतली यंत्रं एकदम थांबली. पीण्यात भर दुपारी इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत वरच्या बंद खोलीतून मला जायफळ आणि वेलदोड्याचा वास आला. पुरण शिजतंय. मग चर्र करून फोडणीचा आवाज झाला, आणि मागोमाग कटाच्या आमटीचा वास.

"चंद्रप्पा," मी हाक मारली, "वर कोण आहे?"

"यारू इल्ला," तो आतूनच म्हणाला. कुणी नाही. "किल्ली माझ्यापाशीच आहे."

महिनाभरापूर्वी माणूस गेलेल्या घरात वर्षभर सण करत नाहीत. आणि या घरात गौरीचा नैवेद्य होत होता, कुलूप लावून. मी वर पाहिलं. खिडकीची काच आतून वाफेनं पांढरी झाली होती. मला भीती वाटली, हे सरळ सांगते. पन्नाशीची बाई मी, पण पदर सावरून जी चालू लागले ती स्टेशनापर्यंत थांबले नाही. करंट परत आला तेव्हा मी फलाटावर होते.

त्यानंतर मी ते पुस्तक कुणालाच विकलं नाही. दुसरी प्रत घरी आणून माळ्यावर टाकली. आणि आईचा नियम मोडला. मीठ बंद आहे म्हणणाऱ्या प्रत्येकाला तोंडावर विचारू लागले, "कशामुळे? रक्तदाब की किडनी?" लोक रागवायचे. एका बाईंनी मालकांकडे तक्रारही केली. मी विचारायचं सोडलं नाही. पण रोज एकदा तरी मनात यायचं की हे आधी विचारलं असतं तर?

तीनेक वर्षं गेली. मस्तान म्हणून आमचा नेहमीचा जुनी पुस्तकं आणणारा होता. एका सकाळी त्यानं दोन गोण्या माळ्यावर आणून टाकल्या. सोडवताना एक खाकी कव्हर हाती आलं. उलटून पाहिलं. मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीचं तुळशीचं पान.

"हे कुठून आणलंस?"

"पीण्याहून. एक म्हातारे हुबळीला वारले, मुलीनं शेड विकली. खोलीतलं सगळं उचलून न्या म्हणाली."

म्हणजे अण्णाही गेले. मी पुस्तक उघडलं नाही. त्यात काय लिहिलेलं असेल ते मला नको होतं. खालच्या खणात, मागच्या रांगेत, जिथं हात घालायला वाकावं लागतं तिथं ते घातलं आणि पुढं जाड केकची पुस्तकं लावली.

त्याच दुपारी एक बाई काउंटरवर आल्या. हातात खाकी कव्हर. "हे केवढ्याला?" मी म्हटलं, विकायचं नाही. दुसऱ्या दिवशी एका तरुणानं तेच काढून आणलं. एवढ्या पुस्तकांत तुला हेच कसं सापडलं, असं विचारलं तर म्हणाला, पुढंच तर होतं. मी जाऊन पाहिलं. केकची पुस्तकं जागेवर होती. तिसऱ्या दिवशी एका आजीबाईंनी ते उघडलं आणि दचकून खाली ठेवलं.

"अक्का, यातलं हळदीचं बोट अजून ओलं आहे."

मी हात लावून पाहिलं. कोरडं होतं. आजीबाईंनी आपलं बोट दाखवलं. ते पिवळं होतं.

मग मात्र मी मालकांना सांगून पुस्तक घेतलं आणि घरी न जाता आधी पीण्याला गेले. शेडच्या जागी चौथरा उरला होता. चंद्रप्पा तिथंच होता, केस पिकलेले. मी त्याला विचारलं, त्या गौरीच्या दिवशी वर खरंच कुणी नव्हतं?

तो ओशाळला. "होते, अक्का. मला नंतर कळलं. मागच्या जिन्याची एक किल्ली अण्णांपाशी होती. मुलीला नातेवाइकांकडे जातो म्हणून सांगायचे. सण आला की हुबळीहून रात्रीच्या गाडीनं यशवंतपूरला उतरायचे, वर जाऊन स्वयंपाक करायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. कुणाशी बोलायचे नाहीत. पुढच्या पाडव्यापर्यंत आले. मग अंथरूणच धरलं."

"बरोबर कुणी असायचं?"

"कोण असणार? एकटेच जायचे, एकटेच उतरायचे."

मी ज्या माणसाला शोधत गेले होते तो वीस पायऱ्या वर बसून आमटीला फोडणी देत होता, आणि मी खालून पळाले. यशवंतपूरला उतरून बाजाराकडून जायचं तर आमचं दुकान वाटेतच लागतं. ते कितीदा दारावरून गेले असतील? मी आत असेन, कुणाला तरी मोठ्या रुबाबात पुस्तक निवडून देत असेन.

दुपारी घरी येऊन ओट्याशी बसले आणि पुस्तक उघडलं. आधी पान अठरा काढलं, टोमॅटोचं सार. मला हवं होतं ते तिथंच कळणार होतं. अण्णांची रीत पहिल्या पानावरच लिहिलेली होती: केलं की तारीख-वाराऐवजी सणाचं किंवा महिन्याचं नाव, मिठाचं वजन, आणि पुढं चौकटीत टिक. साराच्या पानावर 'चैत्र' लिहून दोन टिका होत्या. त्याखाली पट्टी धरून पानभर ओढलेली लाल रेघ. 'डॉक्टर म्हणाले बंद. पुस्तक दुसऱ्या दुखण्याचं आहे.' पुढं बाजारातल्या मिठाचा उल्लेख जिथं जिथं होता तिथं तिथं तशीच लाल रेघ. शहाळ्यावर रेघ. केळ्यावर रेघ. शेवटपर्यंत एकही सुटलेलं नव्हतं.

दोन वाट्या सार. चैत्रात. त्या गेल्या श्रावणात. मी अनघाला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "दोन वाट्यांनी काही होत नाही अक्का, तेही इतके महिने आधी." क्षणभर थांबून म्हणाली, "बहुतेक." ती प्रामाणिक मुलगी आहे. मला रडू आलं ते तो 'बहुतेक' वगळून आलं.

लाल रेघेखाली आणखी एक ओळ होती. 'दुकानातल्या अक्कांना सांगणे. दुसऱ्या कुणाला देतील.' त्यापुढं चौकट होती, आणि ती रिकामी होती. संपूर्ण पुस्तकात ती एकच रिकामी. त्यांच्या घरात माणूस मरणपंथाला लागलेलं, आणि हे माझ्या दुसऱ्या गिऱ्हाइकांची काळजी लिहून ठेवत होते. मला त्यांच्यापुढं तोंड दाखवायला जागा नाही असं वाटलं.

मग मी पुस्तक पाठीवर उभं धरलं आणि हात सोडले. ते चौसष्टाव्या पानावर उघडलं.

कटाच्या आमटीच्या पानावर ओळीखाली ओळ होती. 'पाडवा. मीठ अर्धा ग्रॅम. जेवल्या.' आणि त्याखाली दुसऱ्या हाताचं अक्षर, गोल, थरथरतं, शिरोरेघ शब्द संपल्यावरही पुढं वाहत गेलेली: 'अळणी.' मला एकदम हसू आलं. बाई आजारी असतील, पण चार माणसांना जेवू घालणारीची जीभ ती. अक्षय तृतीया, मीठ अर्धा ग्रॅम, जेवल्या. खाली पुन्हा, 'अळणी.' ज्येष्ठात वटपौर्णिमा, थोडी आमटी, 'अळणी हो.' मग नागपंचमी. नुसतं सणाचं नाव, पुढं चौकटसुद्धा नाही.

त्याखाली गौरी. 'मीठ एक ग्रॅम. जेवल्या.' ती मी ऐकलेली फोडणी. दसरा, दीड ग्रॅम, जेवल्या. होळी, दोन ग्रॅम, जेवल्या. त्या तिन्ही ओळींखाली शेरा नव्हता. अण्णा तिथं थोडी थोडी जागा सोडत गेले होते, आणि ती कोरीच राहिली होती. पथ्य आता संपलं होतं, म्हणून माणूस एकेक माप पुढं जात होता. पलीकडून उत्तर येईपर्यंत.

शेवटची नोंद पाडव्याची. 'मीठ चवीपुरतं. जेवल्या.' या एका ठिकाणी त्यांनी वजन लिहिलेलं नव्हतं. आणि खाली सोडलेल्या जागेत, त्याच गोल, थरथरत्या अक्षरात, शिरोरेघ पुढं वाहत गेलेली:

'आता बरं.'

मी ते किती वेळ पाहिलं ते सांगता येत नाही. आधीच्या तिन्ही 'अळणी'शी ताडून पाहिलं. भिंग आणून पाहिलं. कुणी म्हणेल अण्णांनीच लिहिलं. लेथवर चाळीस वर्षं काढलेल्या त्या हाताची एकही रेघ पुस्तकभर थरथरलेली नाही. कुणी म्हणेल मुलीनं लिहिलं. मुलीला तर वडील तिथं येतात हेच माहीत नव्हतं. मी बत्तीस वर्षं पुस्तकं विकली, लोकांच्या समासातले शेरे वाचले, आणि मला एवढंच कळतं की त्यांना मी 'विचारून' असं सांगितलं होतं आणि त्यांनी विचारलं होतं. त्या शब्दांवर बोट ठेवलं तेव्हा पान किंचित गरम होतं. ओट्यावर ऊन येत होतं, तेही लिहून ठेवते.

पण चौसष्टाव्या पानावर माझं काही काम नव्हतं. तो त्या दोघांचा संसार. माझं काम अठराव्या पानावर राहिलं होतं. एकदा गिऱ्हाइकाचं झालेल्या पुस्तकात आपण लिहायचं नाही, हा दुकानातला माझा शेवटचा नियम तेवढा शाबूत होता. मी घरातली पेन्सिल घेतली, नीट तासली, 'दुकानातल्या अक्कांना सांगणे' या ओळीला पट्टी लावली, आणि रिकाम्या चौकटीत टिक केली.